अर्ध्यावर न आलेला झेंडा

रविवार, ६ एप्रिल

प्रिय डोर्ते,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. मी ठीक आहे. रक्तदाब गोळ्यांवर आहे आणि गुडघे कुरकुरत का होईना, चालतात. फोन करता आला असता, पण फोनवर तू "बोला बाबा" म्हणतेस आणि माझं बोलणं हवापाण्यावर सुरू होऊन हवापाण्यावरच संपतं. कागद निदान मध्येच "अजून काही?" असं विचारत नाही. कोपऱ्यावरची लाल टपालपेटी गेल्या ऑक्टोबरात काढून नेली, तेव्हा हे पत्र टाकायला मला फेरीबोटीच्या धक्क्याजवळच्या दुकानापर्यंत सायकल मारावी लागणार आहे. वारा समोरून असतो हे तुला माहीतच आहे. सांगायचं एवढंच, की हे पत्र मी वेळ जात नाही म्हणून लिहीत नाहीये.

आधी गावची खबर. समोरच्या व्हागनने खुब्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि आता तो जो भेटेल त्याला एक्स-रे दाखवत फिरतो. शेजारच्या हेलेने कुंपणाला हिरवा रंग दिला. तिची सिग्ने पंधरा वर्षांची झाली, माझ्याहून उंच झाली आणि कानात ते काहीतरी घालून चालते, त्यामुळे हाक मारली तर ऐकू जात नाही; पण दिसलो की हात करते. आईची पिवळी फुलं यंदा नेहमीपेक्षा आठवडाभर आधीच आली. मी त्यांना काही केलेलं नाही. ती आपली आपण आली.

माझं म्हणशील तर सकाळी कॉफी करतो, दोन कप काढतो, एक परत कपाटात ठेवतो. बटाटे अजून दोघांचे उकडले जातात. हाताला तेवढंच माप ठाऊक आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ऐनर, रडू आलं तर अडवू नका हो." मी म्हटलं, आलं तर बघू. वर्ष होत आलं, अजून आलेलं नाही. दुखतं असंही म्हणता येत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो, मग गालाला बोट लावलं तर गाल आपला आहे हे कळतं, पण लागत मात्र काही नाही, तसं आहे. वाटायला हवं हे कळतं. वाटत नाही.

रस्त्यातल्या सगळ्या घरांच्या झेंड्यांचं काम मी सोडलं, हे व्हागनने तुला सांगितलं असेलच. रहिवासी मंडळाच्या बैठकीत मी उठलो आणि म्हणालो की एकतीस वर्षं झाली, आता दुसऱ्या कुणीतरी बघावं. मग व्हागन म्हणाला, "मी बघतो, पण याच्यासारखा पट्टी घेऊन कडा मोजत फिरणार नाही." सगळे हसले. आता रस्ता व्हागनचा खांब बघून चालतो. त्याचा झेंडा वर गेला की बाकीचे वर, त्याचा खाली आला की बाकीचे खाली. आपला खांब रस्त्याच्या तोंडाशी आहे, त्यामुळे गावात शिरताना आधी तोच दिसतो, आणि वर्षभर तो मोकळा आहे. लांब निमुळती पताकासुद्धा नाही, जी रात्रंदिवस राहिली तरी चालते. नोव्हेंबरात तुझा पन्नासावा वाढदिवस झाला. तू जन्मल्यापासून तुझ्या वाढदिवसाला आपला झेंडा चढला नाही असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं. तू परदेशात होतीस त्या वर्षीसुद्धा मी तो चढवला होता आणि आईने केकवर कागदी झेंडे टोचून आम्ही दोघांनीच तो खाल्ला होता. यंदा मी दोरीपर्यंत गेलो आणि परत आलो. तुला वाटलं असेल की बाबा रागावलेत. तसं नाही, म्हणून लिहिलं.

तुला आठवतं का, तू सात वर्षांची असताना मी तुला दोरी धरायला शिकवलं होतं? फेरीबोटीवर माझा पहिला कॅप्टन जे शिकवायचा तेच मी तुला शिकवलं. झेंडा भराभर वर न्यायचा, सावकाश खाली आणायचा. जमिनीला टेकू द्यायचा नाही. सूर्य बुडायच्या आत उतरवायचा. तुझ्या आजीला तर खरंच वाटायचं, की त्यानंतर बाहेर राहिलेला झेंडा म्हणजे सैतानाला सलाम. घडी दोघांनी घालायची. फाटला तर कड शिवायची, आणि शिवता शिवता लांबी फारच कमी झाली की जाळायचा, कचऱ्यात टाकायचा नाही. आणि कुणी गेलं की अर्ध्यावर. तेव्हा आधी झेंडा थेट टोकापर्यंत न्यायचा, सोनेरी गोळ्याला भिडवायचा, एक श्वास थांबायचं आणि मग हळूहळू अर्ध्यावर आणायचा. तू नाक वर करून विचारलंस, "मग आधी वर कशाला न्यायचा बाबा? सरळ अर्ध्यावरच थांबवा की!" मी कॅप्टनचंच उत्तर तुला दिलं, की आधी पूर्ण मान आणि मग दुःख. तुला ते पटलं नाही. तू म्हणालीस, "उगीच दमायचं." आई खिडकीतून ऐकत होती, ती इतकी हसली की हातातला चमचा तिने खाली ठेवला. त्यानंतर कितीतरी वर्षं मला बागेतलं कुठलंही काम करताना पाहिलं की ती म्हणायची, "उगीच दमायचं."

सोळा घरांचे सोळा झेंडे, सगळ्यांच्या कडा तीच शिवायची. शनिवारी इस्त्रीसुद्धा तीच करायची. म्हणायची, "लोकांच्या बायका नवऱ्याचे शर्ट इस्त्री करतात, मी गावाचे." परवा मी तिचा शिवणाचा डबा उघडला. सुईत लाल दोरा ओवलेला तसाच आहे. मी तो काढला नाही.

त्या डब्याखाली फोटो होते. तुझा पांढऱ्या पोशाखातला फोटो सापडला, तुझ्या कन्फर्मेशनच्या, चौदाव्या वर्षी देवळात श्रद्धा पक्की करायच्या दिवशीचा. पायरीवर उभी आहेस, हातात फुलं, केस तुझ्या मावशीने कुरळे केलेले, आणि तोंड असं की फोटो काढणाऱ्याला चावशील. फोटोची वरची कड कात्रीने कापलेली आहे. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी, घाईने कापल्यासारखी. ती तूच कापलीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. वर झेंडा होता, नेमका तेवढाच गेला आहे.

त्या दिवसाबद्दल आपण छत्तीस वर्षांत कधी बोललो नाही, म्हणून आज मीच बोलतो. सकाळी साडेसातला शेजारच्या म्हाताऱ्या ख्रेस्टेनची सून दारात आली आणि म्हणाली की मामंजी पहाटे गेले. स्वयंपाकघरात तू आरशासमोर होतीस आणि आई तुझ्या पाठीवरची बटणं लावत होती. तुझ्यासाठी आदल्या दिवशीच सगळ्या रस्त्याने झेंडे काढून ठेवले होते. मी बाहेर निघालो तशी आई बटणं तशीच सोडून माझ्यामागे आली. म्हणाली, "ऐनर, ख्रेस्टेन चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. पोरगी चौदाची आहे. ती देवळातून परत येईपर्यंत थांब. तो काही रागावणार नाही." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मी झेंडा टोकाला नेला, एक श्वास थांबलो, अर्ध्यावर आणला. माझ्यामागून सगळा रस्ता अर्ध्यावर आला. तू देवळात गेलीस ती सोळा उतरलेल्या झेंड्यांखालून. सगळ्या मुलींना सणाचा रस्ता मिळाला, तुला मयताचा मिळाला. संध्याकाळी हॉलमध्ये तुझ्यावर रचलेली गाणी लोकांनी म्हटली, पण हळू आवाजात, कारण ख्रेस्टेनचा मुलगा शेवटच्या टेबलाशी बसला होता. आणि तुला माहीत नसलेली गोष्ट आता सांगतो. त्या रात्री घरी येताना दोघा-तिघांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "ऐनर, तू स्वतःच्या पोरीसाठीसुद्धा नियम वाकवला नाहीस." मला ते आवडलं होतं. पुढच्याच वर्षी ते मला झेंडेप्रमुख करायला निघाले, मी आढेवेढे घेतले, आणि चार वर्षांनी मी झालोच. आई त्या सगळ्या काळात याबद्दल एक शब्द बोलली नाही. पण तुझा फोटो तिने दिवाणखान्यात लावला नाही, शिवणाच्या डब्याखाली ठेवला.

आता मागच्या वर्षीचा अठ्ठावीस एप्रिल. रविवार होता, सिग्नेचं कन्फर्मेशन होतं. आदल्या दिवशी आईने सगळे झेंडे इस्त्री केले होते. निजताना म्हणाली, "उद्या वारा आहे. गाठी नीट मार." तेवढंच. मी म्हटलं, एवढी वर्षं फेरीबोटीवर काय मी मासे मोजत होतो? ती कुशीवर वळली. हे शेवटचं बोलणं. लोक सांगतात तसं काही खास नव्हतं.

मला सहाला जाग आली. ती तशीच कुशीवर होती. हात लावल्यावर कळलं. मग उठलो आणि कॉफी केली. दोन कप काढले, ते तेव्हापासूनच सुरू झालं. डॉक्टरला फोन करायला हवा, तुला करायला हवा, हे सगळं सुचत होतं, पण जणू दुसऱ्या कुणाला तरी सुचत होतं आणि मी ऐकत होतो. आठ वाजायला आले तसा मी दाढी केली, चांगला कोट घातला, झेंडा घेतला आणि बागेत गेलो. बाहेर वारा होताच. समोर व्हागन आपल्या खांबापाशी माझ्याकडे बघत उभा होता. सगळा रस्ता आपापल्या बागेत दोरी हातात घेऊन उभा होता. माझ्या खांबावरून सगळे बघायचे.

मी झेंडा टोकाला नेला. तो गोळ्याला भिडला. समोर व्हागनचा वर गेला, मग हेलेचा, मग पुढचे एकेक करून कोपऱ्यापर्यंत. सोळा झेंडे वाऱ्यावर सरळ उभे राहिले. सिग्ने पांढऱ्या पोशाखात पायरीवर आली आणि ओरडली, "ऐनरआजोबा, किती मस्त!" हेले मागून म्हणाली, "आस्ताकाकू कुठे आहेत? त्यांना म्हणावं, दहाला निघायचंय." मी म्हटलं, झोपलीय, बरं नाही तिला. पुढच्या बारा तासांत मी एवढं एकच खोटं बोललो, पण ते पाच जणांना सांगितलं.

दिवसभर मी आईजवळ बसलो. खिडकीतून झेंडा दिसत होता. तीनच्या सुमारास हेलेने थर लावलेल्या केकचा तुकडा बशीत घालून पाठवला, "काकूंसाठी, क्रीम जास्त घातलंय." मी बशी तिच्या उशाशी ठेवली. हॉलकडून गाणी ऐकू येत होती, मोठ्या आवाजात म्हणत होते. पावणेनऊला सूर्य टेकला तसा मी झेंडा उतरवला. घडी दोघांनी घालायची असते, दुसरं टोक नेहमी आईच्या हातात असायचं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून एकट्यानेच घातली. नीट झाली नाही, पुन्हा घातली. मग डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्यानंतर तुला. डॉक्टरांनी विचारलं, "केव्हा गेल्या?" मी म्हटलं, सकाळी. त्या म्हणाल्या, "सकाळी? आणि आत्ता कळवताय?" तू काही विचारलं नाहीस. तू फक्त रडत होतीस, आणि मी फोन कानाला लावून तुझं रडणं संपायची वाट बघत बसलो.

उत्तर दुसऱ्या दिवशी व्हागननेच मला आणून दिलं. दारात उभा राहिला, टोपी हातात धरून, डोळे लाल. म्हणाला, "तू त्या पोरीसाठी केलंस, ऐनर. तिचा दिवस मोडू नये म्हणून. मला नसतं जमलं रे." मी काहीच बोललो नाही. त्याने ते हो धरलं. दुपारी हेले आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. सिग्नेने पत्र लिहिलं, ते माझ्याकडे आहे. आठवडाभरात सगळ्या गावाला ते माहीत झालं, आणि मी कुणालाच नाही म्हटलं नाही. खोटं बोललो असंही नाही. दुसऱ्यांनी बोललेलं मी तसंच ठेवलं.

मग आईच्या दफनाच्या प्रार्थनेच्या वेळी पाद्रीबाईंनी तेच सांगितलं. तू पहिल्या बाकावर माझ्या शेजारी होतीस. "शेजारधर्म म्हणजे काय ते या माणसाने आपल्याला दाखवलं," असं त्या म्हणाल्या, आणि मागे लोक नाक पुसू लागले. मी आईच्या पेटीवरच्या फुलांकडे बघत होतो. तुझा हात माझ्या कोपराला टेकला होता, तो तू काढून घेतलास. तेव्हा मला कळलं की तू काय ऐकलंस. शेजाऱ्याच्या पोरीसाठी बाबांनी नियम मोडला, माझ्यासाठी मोडला नव्हता. आणि तो मोडला कुणाच्या मरणावर, तर आईच्या. ख्रेस्टेन म्हाताऱ्याला सगळा रस्ता अर्ध्यावर मिळाला, आणि आई गेली त्या दिवशी तिला काहीच नाही.

दफन झालं आणि सगळे कॉफीला हॉलमध्ये गेले. तू थेट घरी आलीस, मीही तुझ्यामागे आलो. सकाळी तूच मला बाजूला सारून झेंडा अर्ध्यावर लावला होतास, तो तसाच होता. दफन झाल्यावर तो पुन्हा टोकाला न्यायचा असतो, मावळतीपर्यंत ठेवायचा असतो. हे मीच तुला शिकवलेलं. तू कोट न काढता बागेत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आता वर न्यायचा असतो ना, बाबा? न्या की. वर न्यायला तर तुम्हाला छान जमतं." मग गाडीत बसलीस. कॉफीला थांबली नाहीस. मी दोरीला हात लावला नाही. तासाभराने व्हागन आला, त्याने झेंडा वर नेला आणि संध्याकाळी उतरवला. घडीचं दुसरं टोक मी धरलं. त्यानंतर तो झेंडा खांबावर चढला नाही.

नाताळात तुमचं कार्ड आलं. चौघांची नावं एकाच अक्षरात होती, तुझ्या नवऱ्याच्या. मी ते फ्रिजवर लावलं आहे.

तुझा राग खरा आहे, पण तू ज्या गोष्टीवर रागावलीस ती गोष्ट घडलीच नाही, डोर्ते. हे मी व्हागनला सांगितलेलं नाही, पाद्रीबाईंना नाही, डॉक्टरांना नाही. मी सिग्नेसाठी काहीही केलं नाही. ती पोर त्या सकाळी माझ्या डोक्यातच नव्हती. मी झेंडा घेऊन बागेत गेलो तो अर्ध्यावर लावायलाच. तुझ्या कन्फर्मेशनला ख्रेस्टेनसाठी लावला तसाच, नियम म्हणजे नियम म्हणूनच. चांगला कोट त्याचसाठी घातला होता. टोकाला नेला, गोळ्याला भिडवला आणि एक श्वास थांबलो. मग दोरी सैल करायची होती. हात वर होता आणि तो खाली येईना. माझ्या मनात काही थोर नव्हतं, काही वाईटही नव्हतं. एवढंच होतं, की हा झेंडा खाली आला की आस्ता गेली, आणि तोवर फक्त मलाच माहीत होतं. तेवढ्यात समोर व्हागनचा वर गेला, मग बाकीचे, आणि मग मी दोरी तिथेच बांधली. गाठ नीट मारली, आईने सांगितलं होतं तशी. तू सात वर्षांची असताना विचारलं होतंस, आधी वर कशाला न्यायचा. मी त्या श्वासातच अडकलो, अजून तिथेच उभा आहे. तुझ्यासाठी जे केलं नाही ते मी दुसऱ्या कुणासाठीही केलेलं नाही. तुझ्या दिवशी थांबायला हवं होतं. आई बरोबर होती. छत्तीस वर्षं उशीर झाला, तरी माझी चूक होती हे मी इथे लिहून देतो.

आता हे पत्र कशासाठी, ते. या वर्षी अठ्ठावीस एप्रिल सोमवारी येतो. गावात त्या दिवशी काही सण नाही, कुणाचा वाढदिवस नाही, मी व्हागनकडची यादी बघून घेतली. मरणाचा झेंडा मरणाच्या दिवशी आणि दफनाच्या दिवशी, एवढंच नियमात आहे. वर्षाने लावायचा असं कुठेही नाही, लोक म्हणतील म्हातारा चळला. म्हणू देत. आईच्या हातची शिवण असलेला तो झेंडा मी काढून ठेवला आहे, कड पाहिली, अजून मजबूत आहे. सकाळी आठला मी तो टोकाला नेईन, तेवढं मला जमतं, तूच म्हणाली होतीस. खाली आणायला मात्र तू ये. आदल्या दिवशी संध्याकाळची फेरीबोट मिळाली तर इथेच निज, तुझ्या खोलीत मी चादर बदलून ठेवतो. नाही आलीस तर मी तो परत कपाटात ठेवीन, एकट्याने वर नेऊन पुन्हा तिथेच थांबायचं मला आता होत नाही. आलीस तर मावळतीपर्यंत थांब, घडीला दुसरं माणूस लागतं.

दोरीपाशी उभा असलेला,
तुझाच,
बाबा